नऊशेवाल्यांचं पाणचाक

आमच्या गल्लीत अजून सांगतात की माझी मुलगी हेस्ती हिला मागणी घालायला पाहुणे आले तेव्हा आमच्या घरात अंधार झाला. ही शुद्ध थाप आहे. सकाळचे अकरा वाजले होते, सुम्बिंग डोंगराच्या डोक्यावर एक ढग नव्हता आणि अंगणात ऊन डोळ्यांत खुपत होतं. बंद पडला तो फक्त पंखा. पंख्याबरोबर भाताचा कुकर, पाण्याचा पंप आणि पपईचा रस काढायचं यंत्रही बंद पडलं हे खरं, पण अंधार नव्हता. ज्या माणसानं तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्याच्याबद्दल बोलताना लोकांनी निदान प्रकाशाच्या बाबतीत तरी काटेकोर असावं.

झालं असं की आमच्या घराला नऊशे वॅटची लाईन आहे. नऊशेची लाईन म्हणजे भात शिजत असेल तर इस्त्री करायची नाही, इस्त्री चालू असेल तर पाणी चढवायचं नाही, आणि दोन्ही एकदम केलंत तर दाराशेजारच्या पेटीतला खटका पडणार. माझी बायको लास्मी हे गणित माझ्यापेक्षा पक्कं जाणते. पण त्या दिवशी तिच्या तीन बहिणी मदतीला आल्या होत्या, आणि प्रत्येकीनं मदत म्हणून एकेक बटण दाबलं.

होणारे व्याही पाक सुबागियो, म्हणजे सुबागियोराव, कॉफीचा कप हातात धरून थांबत चाललेल्या पंख्याकडे बघत राहिले. ते वीज खात्यात उपविभागाचे साहेब. पंख्याचं शेवटचं पातं थांबल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

"नऊशे?" त्यांनी विचारलं. डॉक्टर 'किती दिवसांपासून?' असं विचारतात ना, अगदी त्या आवाजात.

"नऊशे," मी म्हणालो.

"आमच्याकडे साडेपाच हजारांची आहे," विहीणबाई म्हणाल्या. "पण खरं सांगू का, एवढी लागतच नाही."

"लग्नाच्या दिवसापुरती वाढवून घेऊ," सुबागियो म्हणाले. "मी एक फोन करतो. तुम्ही अजिबात काळजी करू नका, पाक वार्सोनो."

ते चांगल्या मनानं बोलले असतीलही. पण चांगल्या मनाचा मार जास्त लागतो. लग्न ठरलं, पाहुणे गेले, आणि मी त्या बंद पंख्याखाली बसून राहिलो. स्पष्टच सांगतो, मला माझी चिंता नव्हती. मला दिसत होतं ते असं, की उद्या हेस्ती त्या साडेपाच हजारांच्या घरात सून म्हणून जाईल, तिथं कधी दिवा गेला की कुणीतरी हसून म्हणेल, 'हे काय, हेस्तीच्या माहेरासारखं झालं.' आणि माझी मुलगी त्यांच्याबरोबर हसेल, कारण तिला तसं वळण आहे. ते हसू मला नको होतं. म्हणून मी ठरवलं की लग्नाच्या दिवशी आमच्या मांडवातली वीज व्याह्यांच्या फोनची नसेल, वीज खात्याची नसेल, माझी स्वतःची असेल.

आमच्या घरामागून पाट वाहतो. डोंगरावरून उतरतो, आमच्या परसातून पुरुषभर उंचीची उडी घेतो आणि खाली भातशेतीत जातो. लग्न पावसाळ्यातलं, कारण वधूवरांच्या जन्मवारांची बेरीज करून ज्येष्ठांनी जो दिवस काढला तो पावसाळ्यातच निघाला. म्हणजे पाण्याला तोटा नव्हता.

"सूर्य समुद्राचं पाणी वर उचलतो," मी लास्मीला समजावलं. "ते डोंगरावर पडतं. डोंगरावरून खाली येताना आपण मधे चाक ठेवायचं. चाक फिरलं की डायनामो फिरतो, डायनामो फिरला की वीज. ऊर्जा नवीन तयार होत नाही आणि नाहीशीही होत नाही, नुसते कपडे बदलते."

लास्मी शेवग्याची पानं निवडत होती. "म्हणजे सगळं सूर्यच करणार?"

"मुळात त्याचंच."

"मग तुम्ही काय करणार?"

"मी त्याला वाट दाखवणार."

"त्यापेक्षा व्याह्यांना फोन करू द्या," ती म्हणाली. विज्ञानाच्या इतिहासात प्रत्येक मोठ्या माणसाला घरात असा एक आवाज ऐकावा लागलेला आहे.

पाटावर चाक ठेवायचं तर पाणीवाटप समितीची परवानगी लागते. समितीला गल्लीप्रमुखाची चिठ्ठी लागते. आमचे गल्लीप्रमुख पाक दार्मो शेजारीच राहतात, त्यांचं मागचं दारही पाटावरच उघडतं, पण ते शेजारी म्हणून चिठ्ठी देत नाहीत, गल्लीप्रमुख म्हणून देतात, आणि गल्लीप्रमुख फक्त संध्याकाळच्या नमाजानंतर भेटतात. दुपारी मी कुंपणावरून विचारलं तर म्हणाले, "आत्ता मी घरी नाही."

चिठ्ठी घेऊन समितीपुढे गेलो. समितीचे चिटणीस छापील फॉर्म भरू लागले.

"किती पाणी घेणार?"

"पाणी नाही घेणार."

"मग काय घेणार?"

"पाण्याचं पडणं घेणार."

चिटणिसांनी पेन खाली ठेवलं. मी उभा राहून सगळं समजावलं. पाणी तेवढंच राहतं, फक्त वरून खाली येताना त्याच्यापाशी जी ऊर्जा असते ती आपण वापरतो. समितीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं की पाणी नाहीतरी पडतच होतं, मग इतकी वर्षं ती ऊर्जा जात कुठे होती. हा फार चांगला प्रश्न होता. तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं मला तो विचारला नव्हता, त्यामुळे मी भारावून अर्धा तास उत्तर दिलं. त्या अर्ध्या तासात समितीचे तीन सदस्य उठून गेले आणि ठराव पुढच्या बैठकीवर ढकलला गेला, कारण सह्यांपुरती माणसं उरली नाहीत. पुढच्या बैठकीत मी तोंड बंद ठेवलं. शेवटी फॉर्मवर जे लिहिलं गेलं ते मी तसंच्या तसं सांगतो. 'काय वापरणार: उंची. परत करणार काय: नाही.' त्यावर तिकीट चिकटवून माझी सही घेतली. सुम्बिंगच्या पायथ्याशी उंची घेऊन परत न केल्याची कबुली देणारा मी एकटाच माणूस असेन.

चाक बनवलं वेल्डिंगवाल्या जुमादीनं. जुमादी माझाच विद्यार्थी, विज्ञानात दोनदा नापास झालेला. ट्रकच्या चाकाला त्यानं तेलाच्या डब्यांचे तुकडे पंख म्हणून जोडले आणि जुन्या गिरणीतला डायनामो पट्ट्यानं बांधला. पहिल्याच दिवशी बल्ब इतका झगझगीत पेटला की फुटला. दुसरा बल्ब फुटला. तिसरा लावायच्या आधी जुमादी म्हणाला, "गुरुजी, मधे काहीतरी अडवणारं लागतं ना?" लागतं. ते मी त्याला नववीत शिकवलं होतं. मी ते विसरलो होतो आणि नापास झालेल्याला आठवत होतं, हे मी लास्मीला सांगितलं नाही. जुमादीनं सांगितलं.

पण चाक चाललं. सलग पाऊस होता, पाट तुडुंब होता, आणि आमच्या मागच्या अंगणात चार दिवे, एक पंखा आणि ध्वनिव्यवस्थावाल्यानं तपासायला आणलेला भोंगा, सगळं एकदम चालू झालं. मी कुठलंही बटण दाबावं आणि काही पडू नये, हा अनुभव मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी आला. त्याच आवेशात मी ध्वनिव्यवस्थावाल्याला सांगून टाकलं की तुझं विजेचं डिझेल यंत्र लग्नाला आणू नकोस, गरज नाही. त्यानं ते लगेच दुसऱ्या गावच्या लग्नाला देऊन टाकलं.

तक्रार एकच होती. चाक फिरताना कुरकुरायचं. कुईं-कट्, कुईं-कट्, दिवसभर. पाक दार्मोंच्या मागच्या ओसरीत त्यांचा शामा पक्षी टांगलेला असतो. जिल्ह्याच्या गायन-स्पर्धेत दोनदा पहिला आलेला, दार्मो त्याला हातानं टोळ भरवतात. एक दिवस ते पिंजराच घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

"ऐका," ते म्हणाले.

शामानं मान वर केली, गळा फुगवला आणि म्हणाला, कुईं-कट्.

"रविवारी स्पर्धा होती," दार्मो म्हणाले. "परीक्षकानं विचारलं, याला तेल कधी घातलं होतं?"

मी चाकाला तेल घातलं. चाक गप्प झालं. शामा झाला नाही.

इथपर्यंत ठीक होतं. खरा घोळ लास्मीनं घातला, आणि तोही माझ्या नाकाखाली. लग्नाला दहा दिवस असताना मी शाळेतून आलो तर अंगणाच्या चारही कोपऱ्यांत केरसुणीच्या काड्या रोवलेल्या, काड्यांना लाल मिरच्या आणि छोटे कांदे टोचलेले. आणि घराच्या छपरावर, अगदी शेंड्यावर, सगळ्या गल्लीला दिसेल असा, अंतर्वस्त्र म्हणावं असा माझा पट्ट्यापट्ट्यांचा कपडा.

"म्बाह कार्तोंनी सांगितलंय," लास्मी म्हणाली. "घरच्या कर्त्या माणसाचा लागतो."

म्बाह कार्तो, म्हणजे कार्तोआजोबा, एरवी सायकलींची पंक्चरं काढतात आणि लग्नाच्या हंगामात पाऊस अडवतात. आमच्याकडे मांडव घालणारा जितका ठरलेला, तितकाच पाऊस अडवणाराही ठरलेला. मी काय बोलणार? तीनशे माणसं जेवायची, मांडव कापडी, अंगण मातीचं. मी म्हणालो ते एवढंच, की ढग म्हणजे पाण्याचे बारीक थेंब आहेत आणि थेंबांना कपडे ओळखता येत नाहीत. लास्मी म्हणाली, "मग राहू द्या ना वर, तुम्हाला काय त्रास होतोय?" माझे विद्यार्थी त्या गल्लीतून शाळेत जातात. त्रास काय होतो ते बाईमाणसाला सांगून कळत नाही.

दुसऱ्या दिवशी पाऊस पडला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी ढग यायचे, आमच्या गावाकडे बघायचे आणि वळसा घालून जायचे. लास्मीच्या बहिणी छपराकडे बघून माझ्याशी आदरानं बोलू लागल्या. आणि परसात पाटाचं पाणी मांडीवरून गुडघ्यावर आलं, गुडघ्यावरून पोटरीवर. चार दिव्यांचे दोन झाले. मग दोन दिव्यांचा एक, आणि तोही उदबत्तीएवढा.

माझी पंचाईत कुणाला कळणार? पाट आटला म्हणून मी लास्मीवर चिडलो असतो, तर म्बाह कार्तोंनी पाऊस अडवला हे मान्य केल्यासारखं झालं असतं. आणि म्बाह कार्तोंनी काहीच केलेलं नाही म्हणालो असतो, तर मग चिडायला कारणच नव्हतं. तीन दिवस मी या कोंडीत गप्प बसलो. चौथ्या दिवशी सायकलचं चाक पंक्चर आहे असं सांगून घरातून निघालो. ते नव्हतं. वाटेत मी त्यात खिळा मारला.

म्बाह कार्तोंनी टायर काढला, ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे बघितले.

"हा खिळा वरून मारलेला आहे, गुरुजी," ते म्हणाले.

मी म्हणालो, "म्बाह, थोडासा पाऊस हवा होता. आमच्या मांडवावर नको. वर, डोंगराकडे."

"तुम्ही यातलं काही मानत नाही ना?"

"नाही."

"मग पाऊस का नाही पडत?"

"योगायोग."

"मग योगायोगाला जाऊन सांगा," म्बाह म्हणाले आणि ट्यूब घासू लागले.

मी तिथंच बाकावर बसलो. ट्यूब घासून झाल्यावर म्हणालो, "समजा, मानलं."

"समजा वगैरे चालत नाही. पण तुम्ही माझ्या नातवाला शिकवलंय म्हणून सांगतो. एक तर, बू लास्मींनी लग्नाच्या दिवशी दुपारी तीनपर्यंतचं ठरवलंय. तीनच्या आधी मी सोडू शकत नाही. माझं नाव जाईल. दुसरं, वरचा डोंगर माझ्याकडे येत नाही. तिथं दुसरा माणूस बघतो. आणि त्याच्याकडेही त्या दिवशी लग्न आहे." त्यांनी पंक्चर बसवलं. "तुम्ही पाटावर चाक बसवताना मला विचारायला पाहिजे होतं."

समितीच्या फॉर्ममध्ये तेवढा एकच रकाना नव्हता. मी घरी आलो आणि हार मानली. अर्धवटच मानली. मांडवातलं संगीत खात्याच्या विजेवर लावायचं, स्वयंपाक लाकडांवर करायचा, आणि चाक शोभेला फिरत ठेवायचं असं मनाशी ठरवलं. व्याह्यांना कुठली वीज कुठून येते हे काय दिसणार होतं?

लग्नाच्या सकाळी जाग आली तीच कुईं-कट्, कुईं-कट् या आवाजानं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. रात्री वर कुठेतरी पाऊस झाला असणार, चाक पुन्हा जोरात होतं. मी ध्वनिव्यवस्थावाल्याला सांगितलं, खात्याची तार काढ, माझी जोड. मग जरीचा कोट, डोक्याला पागोटं, पाठीशी कट्यार असा सजून मी ऐटीत परसात गेलो. चाक मेल्यासारखं उभं होतं. पाटात घोटाभर पाणी. दार्मोंच्या ओसरीत शामा गळा फुगवून गात होता.

ठीक आहे, म्हटलं, पुन्हा खात्याची तार जोड. त्यानं जोडली. नऊ वाजता वीज गेली.

खटका नव्हता पडला. सगळ्या गावाची गेली होती. जुमादी मोटरसायकलवर जाऊन बघून आला. खात्याचे लोक खांबांवर चढून तारांना लागणाऱ्या फांद्या तोडत होते. पावसाळ्यात हे काम करता येत नाही, पण इतके दिवस कोरडे मिळाले म्हणून साहेबांनी तातडीनं आदेश काढला होता. बारापर्यंत वीज येणार नव्हती. आदेशावर सही सुबागियो अशी होती.

वधूवरांच्या भेटीची वेळ साडेदहाची. निकाह आदल्या दिवशीच झाला होता, पण आमच्यात खरं लग्न म्हणजे ती भेट. नवरी घरातून येते, नवरा दारातून, आणि भोंग्यावर लावलेल्या गामेलान वाद्यांच्या संथ सुरांवर दोघं एकमेकांकडे चालत जातात. त्या सुरांशिवाय नवरी पाऊल उचलत नाही. हेस्तीच्या कपाळावर काळी नक्षी काढून बसलेल्या बाईनं मला साफ सांगितलं, "संगीत नाही तर मी पोरीला उठवणार नाही. मी चाळीस लग्नं लावलीत, एकीलाही मुक्यानं चालवलं नाही." कुणीतरी म्हणालं, मोबाईलवर लावा. तीनशे माणसांत मोबाईल. मशिदीचं डिझेल यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. हेस्ती आत नटून बसली होती आणि आरशातून माझ्याकडे बघत होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

मी परसात जाऊन उभा राहिलो. काही करायचं म्हणून नव्हे, लोकांना तोंड दाखवायला नको म्हणून.

जुमादी तिथं आधीच होता. "गुरुजी," तो म्हणाला, "पाणी नाहीये. पण चाक आहे."

"मग?"

"चाकाला काय कळतं त्याला कोण फिरवतंय?"

दोनदा नापास झालेल्या या माणसाला मी मनातल्या मनात सगळे गुण देऊन टाकले. कोटाची टोकं खोचून आम्ही पाटात उतरलो. मी, जुमादी, ध्वनिव्यवस्थेची दोन माणसं, आणि दार्मो, जे म्हणाले की ते शेजारी म्हणून उतरतायत, गल्लीप्रमुख म्हणून नव्हे. काठावर म्बाह कार्तो बसले होते. लग्नाच्या दिवशी तीनपर्यंत पाऊस अडवणाऱ्याला पाण्याला हात लावायची मनाई असते, म्हणून ते नुसते मोजत होते. "एक. दोन. ओढा. दार्मो ओढत नाहीये."

चाक फिरलं. मांडवाकडून भोंग्याची खरखर आली, मग सूर आला, बारीक पण खरा. आम्ही दमलो की बारीक व्हायचा, जोर लावला की मोठा. पाच मिनिटांत मला धाप लागली. पाठीशी कट्यार टोचत होती. माझ्या डोक्यात एकच विचार होता, की भेट झाली की दोघांच्या खांद्यावर लाल कापड टाकून बापानं पुढं चालायचं असतं आणि त्यांना आसनापर्यंत न्यायचं असतं. ते करायला मी तिथं हवा होतो. आणि मी इथून हललो तर सूर थांबणार होता.

आमच्या रिवाजाप्रमाणे नवऱ्याच्या आईबापांनी ती भेट बघायची नसते. ती होईपर्यंत त्यांना शेजारच्या घरी बसवतात, मग मानानं बोलावून आणतात. सुबागियोंना बसवलं होतं दार्मोंच्या मागच्या ओसरीत. मी चाकाचा एक फेरा पुरा केला आणि मान वर केली तर ते शामाच्या पिंजऱ्याखाली उभे राहून आमच्याकडे बघत होते. किती वेळ बघत होते कोण जाणे.

आता ते 'नऊशे' म्हणणार असं मला वाटलं. मी खालीच बघत राहिलो.

"आदेश माझ्याच सहीचा आहे," ते म्हणाले. "ही लाईन त्यात येते हे मी बघितलंच नाही. मघाशी फोन केला. माणसं खांबावर आहेत, त्यांना आत्ता खाली उतरवता येत नाही."

मी पंख ओढत राहिलो. बोलायला श्वास नव्हता.

त्यांनी चपला काढून ओसरीच्या पायरीवर व्यवस्थित जोडीनं ठेवल्या. कमरेला गुंडाळलेलं नवं बाटिक मांडीपर्यंत वर खोचलं. विहीणबाई आतून म्हणाल्या, "अहो, काय करताय?" तोवर ते पाटात उतरले होते.

"सरका, पाक वार्सोनो," ते म्हणाले. "मला नाहीतरी तिथं जायची परवानगी नाही. तुम्हाला आहे."

"तुम्हाला जमणार नाही," मी म्हणालो. "फार जड आहे."

"तीस वर्षं विजेची बिलं पाठवली," सुबागियो म्हणाले आणि माझा हात बाजूला करून पंख धरला. "लोकांच्या तारा तोडल्या, जोडल्या. एकदा करून तर बघू द्या."

"साहेब, ओढा," म्बाह कार्तो काठावरून म्हणाले. "तुमच्यामुळेच आवाज बसतोय."

मी धावत मांडवात गेलो. भेट झाली होती, विड्याची पानं एकमेकांवर फेकून झाली होती, नवऱ्यानं पायाखाली फोडायचं अंडं फुटलं होतं. लास्मीनं लाल कापड माझ्या हातात दिलं आणि माझे पाय बघून डोळे मिटले. मी पुढं चाललो, मागून दोघं माझ्या कोटाची टोकं धरून. सूर मधेच बारीक झाला आणि मांडवभर लोक थांबले. मीही थांबलो.

"बापाक, काय होतंय?" हेस्तीनं मागून हळूच विचारलं.

"सासरे दमले तुझे," मी म्हणालो.

तिनं सगळं एका क्षणात ओळखलं की काय, मला माहीत नाही. ती म्हणाली, "मग जरा थांबू." आम्ही मांडवाच्या मध्यावर उभे राहिलो, तीनशे माणसं बघत होती, आणि सूर हळूहळू पुन्हा वर आला. मग आम्ही चाललो. तसा तो आणखी दोनदा बसला आणि दोनदा आम्ही थांबलो. पुढे गावातल्या दोन लग्नांत वधूवर तसेच मधे थांबताना मी बघितले, तो काही रिवाज आहे असं समजून.

मग व्याह्यांना मानानं बोलावलं. ते आले. वरून जरीचा कोट, डोक्याला पागोटं, आणि कमरेखाली गुडघ्यांपर्यंत चिखल. विहीणबाई त्यांच्यापासून दोन हात अंतर ठेवून चालत होत्या. पुढचा विधी असा, की मुलांनी दोन्हीकडच्या आईवडिलांपुढे गुडघे टेकून त्यांच्या गुडघ्यांवर कपाळ ठेवायचं. सुबागियो खुर्चीवर बसले आणि गुडघ्यांवरचा चिखल हातांनी झाकला. त्या हातांना फोड आले होते.

"मला राहू दे," ते हेस्तीला म्हणाले. "तुझी नक्षी खराब होईल."

तिनं त्यांचे हात धरून बाजूला केले आणि कपाळ टेकवलं. बराच वेळ टेकवून ठेवलं. उठली तेव्हा काळ्या नक्षीवर आमच्या पाटाचा चिखल होता, भुवईपर्यंत. नक्षीवाली बाई ओला रुमाल घेऊन धावली, तर हेस्तीनं तिचा हात अडवला.

"असू दे," ती म्हणाली.

लग्नाच्या सगळ्या फोटोंत ती तशीच आहे. व्याह्यांच्या घरात तो फोटो समोरच्या खोलीत लावलाय, आणि कुणी विचारलं की हे कपाळाला काय लागलंय, तर सुबागियोच सांगायला बसतात, आणि फार वेळ सांगतात.